शेळीचे निरोगी सांधे एक्स-रे आणि सोनोग्राफीत कसे ओळखावेत: पशुवैद्यकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

लंगडणाऱ्या शेळीच्या पायाचा एक्स-रे काढणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते हातात आलेल्या चित्राकडे पाहून 'हे हाड असेच असायला हवे' असे खात्रीने म्हणणे. आपण शिकताना पाहिलेले बहुतेक नमुने कुत्र्याचे, घोड्याचे आणि गायीचे असतात, आणि शेळीचा सांधा वाचताना नकळत तेच डोळ्यांसमोर उभे राहतात. मग कुत्र्यासारखी फिब्युला (नडगीशेजारचे बारीक हाड) दिसत नाही म्हणून शंका येते, गायीसारखे वाटीचे तीन अस्थिबंध सोनोग्राफीत सापडत नाहीत म्हणून शोधाशोध होते, आणि हॉकच्या (मागच्या पायाच्या घोट्याच्या सांध्याच्या) बाहेरच्या बाजूला दिसणारे एक छोटे सुटे हाड अस्थिभंगाचा तुकडा ठरवले जाते. या तिन्ही गोष्टी शेळीत पूर्णपणे नैसर्गिक आहेत. म्हणून रोगट सांधा वाचण्याआधी निरोगी सांधा नेमका कसा दिसतो, तो कोणत्या कोनातून घ्यायचा आणि वयानुसार त्यात काय बदलते, हे पक्के असायला हवे.

या लेखात पुढच्या पायाचा गुडघा म्हणजे कार्पस आणि मागच्या पायाचा वाटीचा सांधा म्हणजे स्टायफल यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. शेळ्यांमधला सीएई हा विषाणूजन्य संधिदाह प्रौढ जनावरांत मुख्यतः कार्पसमध्ये दिसतो, आणि नाळेतून संसर्ग झालेल्या करडांमध्ये कार्पस, स्टायफल व हॉक हेच सांधे वारंवार सुजतात. खांदा आणि खुबा यांचे एक्स-रे शेळीत क्वचितच लागतात, त्यामुळे त्यांचा उल्लेख थोडक्यात येईल.

आधी वय, मग एक्स-रे

शेळीच्या सांध्याचे चित्र वयाशिवाय वाचता येत नाही. पशुपालकाला वय नक्की सांगता आले नाही तर दात पाहावेत. आदत (फक्त दुधाचे दात), दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेली (सगळे कायमचे दात आलेली) एवढी नोंद केस-पेपरवर असली तरी पुष्कळ काम होते. कारण वाढत्या जनावरात हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या पट्ट्या असतात, त्या कूर्चेच्या असल्यामुळे एक्स-रेत काळ्या रेघा म्हणून दिसतात आणि नवख्या डोळ्याला त्या हमखास अस्थिभंग वाटतात.

या पट्ट्या बुजण्याचा क्रम लक्षात ठेवावा, कारण नेमक्या महिन्यांपेक्षा तो अधिक भरवशाचा असतो. कोपराजवळच्या पट्ट्या, म्हणजे ह्युमरसचे (दंडाच्या हाडाचे) खालचे टोक आणि रेडियसचे (कोपराखालच्या हाडाचे) वरचे टोक, सर्वांत आधी, साधारण पहिल्या वर्षाच्या आसपास बुजतात. त्यानंतर खुराकडच्या पहिल्या व दुसऱ्या पेरांच्या पट्ट्यांचा क्रम लागतो. टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) आणि पुढच्या-मागच्या नळीच्या (खुराकडच्या पेरांच्या वर असलेल्या लांब हाडाच्या) खालच्या टोकाच्या पट्ट्या दोन वर्षांच्या सुमारास किंवा त्यानंतर मिटतात, आणि रेडियसचे खालचे टोक, ह्युमरसचे वरचे टोक, कोपराचे टोक तसेच स्टायफलच्या वरची आणि खालची पट्टी सर्वांत शेवटी, तीन वर्षे उलटल्यावरही उघडी राहू शकते. खच्ची केलेल्या बोकडात हा सगळा क्रम आणखी लांबतो, म्हणून अशा बोकडाच्या रेडियसमध्ये चौथ्या वर्षी रेघ दिसली तर लगेच दचकू नये.

निरोगी पट्टीची ओळख अशी की तिची रुंदी सर्वत्र जवळपास सारखी असते, तिच्या दोन्ही कडा स्पष्ट व थोड्या नागमोडी असतात आणि दुसऱ्या पायाच्या त्याच ठिकाणी हुबेहूब तशीच रेघ दिसते. जागाही ठरलेल्या असतात: नळीच्या हाडाला फक्त खालच्या टोकाला पट्टी असते, वरच्या टोकाला नसते, पहिल्या आणि दुसऱ्या पेराला उलट फक्त वरच्या टोकाला असते, खुरातल्या शेवटच्या पेराला ती नसतेच. यापेक्षा वेगळ्या जागी आडवी काळी रेघ दिसली तर मात्र ती तपासलीच पाहिजे. लहान करडांमध्ये कार्पसची हाडे गोलसर आणि एकमेकांपासून दूर दिसतात. त्याचा अर्थ सांध्यात पाणी झाले असा नसून, हाडाभोवतीची कूर्चा अजून हाडात बदललेली नाही इतकाच असतो.

जनावराची तयारी

पाय कोरडा आणि स्वच्छ हवा. वाळलेला चिखल, लेंडीचा थर, केसांत अडकलेली कुसळे आणि विशेषतः आधी लावलेले पोव्हिडोन आयोडीन एक्स-रेत पांढरे डाग पाडतात. आयोडीन स्वतःच किरण अडवते, त्यामुळे ते हाडाचा तुकडा असल्याचा भास होतो. ओले केसही रेघा उमटवतात. ब्रशने घासून कोरड्या फडक्याने पुसण्यात जाणारी दोन मिनिटे पुढचा दुसरा एक्स-रे वाचवतात.

कार्पसपासून खाली खुरापर्यंतचे एक्स-रे शांत शेळीत भूल न देता निघतात. स्टायफल, कोपर आणि खुब्यासाठी मात्र गुंगीचे औषध देणे योग्य, कारण जनावर धडपडले की कोन बिघडतो आणि माणसांना पाय हाताने धरावा लागतो. झायलाझीन द्यायचे असल्यास शेळी या औषधाला अतिशय हळवी असते हे विसरू नये. स्नायूत किलोमागे 0.05 मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा धरली, तर 30 किलोच्या शेळीला 1.5 मिलिग्रॅम, म्हणजे 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणातून जेमतेम 0.08 मिलिलिटर लागते. इतके थोडे औषध साध्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने मोजता येत नाही. इन्सुलिनची सिरिंज वापरावी किंवा औषध सलाइनमध्ये पातळ करून घ्यावे. घोड्यांसाठीचे 100 मिलिग्रॅमचे द्रावण त्याच कपाटात असेल तर बाटली दोनदा वाचावी. गाभण शेळीत, विशेषतः शेवटच्या काळात, आणि श्वासाचा त्रास असलेल्या जनावरात हे औषध टाळावे.

प्रौढ शेळीला गुंगी द्यायची असेल तर 12 ते 24 तास चारा बंद ठेवावा. दूध पिणाऱ्या करडाला मात्र उपाशी ठेवू नये, कारण त्याची साखर लवकर उतरते. आडवे पाडल्यावर मानेखाली घडी घालून मान थोडी उंच आणि तोंड खाली उतरते ठेवावे, म्हणजे लाळ आणि कोटीपोटातून (रुमेनमधून) वर आलेला द्रव बाहेर वाहून जातो, श्वासनलिकेत जात नाही. पोट फुगत आहे असे दिसताच काम थांबवून जनावराला छातीवर बसवावे.

यंत्र, अंतर आणि किरणांपासून बचाव

ट्यूब आणि कॅसेट किंवा डिटेक्टर यांत 100 सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि ते दर वेळी तेवढेच ठेवावे. प्रौढ शेळीच्या कार्पस, फेटलॉक (नळी आणि खुराकडची पेरे यांमधला सांधा) आणि हॉकसाठी 50 ते 55 केव्ही (किरणांची भेदकता) आणि 2 ते 4 एमएएस (किरणांचे प्रमाण), स्टायफल व कोपरासाठी 55 ते 65 केव्ही, तर खुब्यासाठी 65 ते 75 केव्ही हे सुरुवातीचे आकडे धरता येतात. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असल्याने कॅलिपरने जाडी मोजून स्वतःचा तक्ता तयार करणे हाच खरा उपाय आहे. 10 सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या भागाला ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लागत नाही; शेळीच्या पायात ती फक्त मांडी आणि खुब्यालाच विचारात घ्यावी. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी आणि धिप्पाड बोकड यांचे आकडे वेगळे येतील, पण सांध्याची रचना तीच राहते.

चांगल्या एक्स-रेची कसोटी सोपी आहे: हाडाच्या आतली जाळी मोजता येईल इतकी स्पष्ट दिसावी आणि त्याच चित्रात त्वचेची कडाही दिसावी. त्वचेची कडा काळ्या पार्श्वभूमीत हरवली असेल तर सांध्याभोवतीची सूज तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि संधिदाहात सुरुवातीला दिसते ती नेमकी सूजच.

किरणांच्या चौकटीत कोणाचाही हात येता कामा नये, शिशाचा हातमोजा घातलेलाही नाही. पाय बांधायला सुती दोरी, टेकू द्यायला फोमचे पाचर आणि वाळूच्या पिशव्या वापराव्यात. धरणाऱ्या माणसाने 0.5 मिलिमीटर शिशाएवढी क्षमता असलेला एप्रन घालावा, आणि तो पशुपालक असला तरी अठरा वर्षांखालचा किंवा गर्भवती स्त्री नसावी. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठरवली आहे; किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला छातीवर नसेल तर आपण त्या मर्यादेच्या किती जवळ आहोत हे कळण्याचा मार्गच उरत नाही. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, त्यामुळे दोन पावले मागे सरकणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे. हलके पोर्टेबल यंत्र हातात धरून एक्स-रे काढण्याची सवय सगळीकडे दिसते. यंत्र स्टँडवरच ठेवावे.

कार्पस: पुढचा गुडघा

शेळीच्या कार्पसमध्ये एकूण सहा हाडे असतात. वरच्या रांगेत आतून बाहेर रेडियल, इंटरमीडिएट आणि अल्नर अशी तीन आणि मागे बाहेर आलेले चौथे ॲक्सेसरी. खालच्या रांगेत दोनच, आतल्या बाजूला दुसरे व तिसरे एकत्र जुळून झालेले मोठे हाड आणि बाहेरच्या बाजूला चौथे. पहिले कार्पल हाड शेळीत नसते. त्यामुळे घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या चित्राशी ताडून 'एक हाड कमी दिसते' असे वाटले तर ते बरोबरच आहे.

समोरून मागे जाणारा दृश्यकोन घेण्यासाठी शेळीला छातीवर बसवावे, पाय दोरीने पुढे ओढून सरळ करावा, कार्पसची मागची बाजू कॅसेटवर टेकवावी आणि किरण बरोबर सांध्याच्या मध्यावर लंब सोडावेत. पाय किंचितही वळला की ॲक्सेसरी हाड एका बाजूला बाहेर डोकावते. ते अल्नर कार्पलवर येऊन झाकले गेले असेल तर कोन बरोबर आहे असे समजावे. या चित्रात तीन आडव्या सांधेरेषा एकाखाली एक दिसतात. सर्वांत वरची रेडियस आणि वरची रांग यांमधली, मधली दोन रांगांमधली आणि खालची नळीच्या हाडाबरोबरची. बाहेरच्या बाजूला अल्नाचे (रेडियसच्या जोडीच्या हाडाचे) टोकदार खालचे टोक रेडियसला चिकटलेले दिसते. नळीच्या हाडात मधोमध वरपासून खाली एक उभी पांढरी रेघ दिसते. तिसरे आणि चौथे मेटाकार्पल जुळून झालेल्या या हाडातला तो आतला पडदा आहे, हाड चिरलेले नाही. नळीच्या खालच्या टोकाजवळ दिसणारा गोल काळा ठिपका रक्तवाहिनी जाण्याच्या नैसर्गिक भोकाचा असतो.

बाजूचा दृश्यकोन घेताना शेळी त्याच कुशीवर पाडावी, तपासायचा पाय खाली कॅसेटवर ठेवावा आणि वरचा पाय मागे ओढून बांधावा. ॲक्सेसरी हाड मागे पूर्ण उघडे दिसते आणि समोरच्या बाजूला सर्व हाडांच्या कडा एका सलग, किंचित लहरी रेषेत येतात. ही समोरची रेषा बारकाईने पाहावी, कारण संधिदाहात हाडाचे पहिले काटे याच कडांवर उगवतात. त्यानंतर गुडघा पूर्ण वाकवून बाजूचा दुसरा फोटो घ्यावा. वाकवल्यावर वरची सांधेरेषा चांगली उघडते, मधली थोडी कमी उघडते आणि खालची जवळजवळ हलतच नाही. निरोगी कार्पसची हालचाल अशीच वाटलेली असते. मधला आणि खालचा कप्पा आतून जोडलेले असल्यामुळे एकातला आजार दुसऱ्यात पोचतो, हे पुढे सांध्यातले पाणी काढताना उपयोगी पडते.

पैसे किंवा वेळ कमी असेल तर हे तीन फोटो पुरेत. मात्र हाडाच्या कडेवर शंका असेल तर समोरून 45 अंश बाहेरच्या आणि 45 अंश आतल्या बाजूने असे दोन तिरपे फोटो घेतल्याशिवाय अहवाल लिहू नये, कारण तिरप्या फोटोत जी कड उघडी पडते ती सरळ फोटोत झाकलेली असते.

कार्पसबाबत एक स्थानिक गोष्ट सांगायलाच हवी. शेळ्या गुडघे टेकून चारा खातात, त्यामुळे प्रौढ जनावराच्या कार्पसवर समोर जाड, केस झडलेली त्वचा तयार होते आणि तिच्याखालचा थरही जाडसर होतो. बाजूच्या एक्स-रेत ही जाडी पांढरट सावली म्हणून दिसते. ती त्वचेलगत असेल, हाडांसमोरची सलग रेषा स्वच्छ असेल आणि दोन्ही पायांत सारखी असेल तर तो घट्टा आहे. सांध्यातले पाणी मात्र हाडाला चिकटून, सांधेरेषांच्या पातळीवर फुगलेले असते.

हाच फरक सोनोग्राफीत अधिक ठाम करता येतो. 7.5 ते 12 मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब घ्यावा, केस कापण्यापेक्षा भादरावेत, त्वचा स्पिरिटने पुसून भरपूर जेल लावावे. घट्ट्याच्या खडबडीत त्वचेवर जेल जिरायला पाच मिनिटे दिली की चित्र लक्षणीय सुधारते. प्रोब समोर, पायाच्या लांबीच्या दिशेने ठेवून एक्स्टेन्सर कार्पाय रेडियॅलिस या जाड कंडरेपासून सुरुवात करावी आणि तिच्यामागे नळीच्या वरच्या टोकापर्यंत जावे. निरोगी कंडरा म्हणजे जवळजवळ लावलेल्या समांतर पांढऱ्या रेघा. तिच्याखाली सांध्याच्या आवरणाची पातळ पांढरी रेघ, मग फारतर एखादी काळी फट, मग हाडाची ठळक पांढरी कड आणि तिच्यामागे गडद सावली असा क्रम असतो. कूर्चा हाडाच्या कडेवर पातळ काळा थर म्हणून दिसते. काळे ते सगळे पाणीच असे मानू नये: प्रोबने हलके दाबल्यावर पाणी सरकते, कूर्चा सरकत नाही. प्रोब तिरका झाला तर कंडरा काळी पडते आणि फाटल्याचा भास होतो. अशा वेळी प्रोब थोडा आगेमागे झुकवून पाहावा, रेघा परत आल्या तर कंडरा निरोगी आहे.

फेटलॉक आणि खुराचे सांधे

प्रत्येक पायात दोन बोटे असल्याने फेटलॉक म्हणजे खरे तर शेजारी-शेजारी असलेले दोन सांधे आहेत. समोरच्या फोटोत नळीच्या खालच्या टोकाची दोन गोल डोकी, त्यांच्यामधली खाच आणि मागे चार छोटी सेसमॉइड हाडे दिसली पाहिजेत. बाजूच्या फोटोत दोन्ही बोटे एकमेकांवर पडतात, हीच अडचण असते. एका बोटाला सुती नाडी बांधून पुढे ओढावे, किंवा दातांच्या एक्स-रेची छोटी फिल्म दोन बोटांच्या फटीत सरकवावी. शेळीच्या फटीत ती व्यवस्थित मावते. मागे लटकणाऱ्या छोट्या खुरांची सावली फेटलॉकवर पडू शकते, ती सुटा तुकडा म्हणून वाचू नये.

कोपर आणि खांदा

कोपरासाठी पाय पुढे ओढून छातीपासून सोडवावा, नाहीतर बरगड्या त्यावर येतात. प्रौढ शेळीत रेडियस आणि अल्ना जुळलेले असतात, पण त्यांच्यामध्ये वर एक छोटी फट उरते आणि बाजूच्या फोटोत ती काळी दिसते. कोपराच्या टोकावरची वाढीची पट्टी उशिरा बुजते, एवढे लक्षात ठेवले की बाकी वाचन सोपे आहे. खांद्यासाठी पाय पुढे आणि खाली ओढून मान मागे ताणावी, म्हणजे सांधा श्वासनलिकेच्या काळ्या हवेवर येतो आणि स्पष्ट उठतो.

स्टायफल: वाटीचा सांधा

स्टायफलमध्ये तीन हाडे आहेत: मांडीचे हाड, टिबिया आणि वाटी. फिब्युला शेळीत उरलेली नसते म्हटले तरी चालेल; तिचे वरचे टोक टिबियाच्या बाहेरच्या कडेला लहान उंचवट्यासारखे चिकटलेले असते आणि खालचे टोक हॉकजवळ एक सुटे हाड म्हणून राहते, मधला दांडा नसतो. वाटीला टिबियाशी जोडणारा अस्थिबंध शेळी-मेंढीत एकच असतो. गायी-म्हशींवर काम करणाऱ्या डॉक्टरांची नजर तीन अस्थिबंधांना सरावलेली असते, म्हणून हा फरक आधीच मनात ठरवून घ्यावा. वाटीचा कप्पा आणि मांडी-टिबियाचे कप्पे शेळीत आतून एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे पाणी झाले तर ते एकाच ठिकाणी अडकून राहत नाही.

बाजूच्या फोटोसाठी तपासायचा पाय खाली ठेवून शेळीला त्याच कुशीवर पाडावे, वरचा पाय वर उचलून मागे बांधावा आणि कासेची किंवा वृषणांची सावली सांध्यावर येत नाही ना ते पाहावे. किरण मांडीच्या हाडाच्या गोल टोकांच्या किंचित खाली सोडावेत. मांडीच्या हाडाची दोन्ही गोल टोके एकमेकांवर बरोबर बसली असतील तर कोन उत्तम आहे. ती दोन वेगळ्या वर्तुळांसारखी दिसली तर हॉकखाली पाचर घालून पुन्हा घ्यावा, अंदाजाने वाचू नये.

या एका फोटोतली सर्वांत मोलाची जागा म्हणजे वाटीचा अस्थिबंध आणि सांधा यांच्यामधला चरबीचा त्रिकोण. चरबी स्नायूपेक्षा काळसर दिसते, म्हणून निरोगी स्टायफलमध्ये तिथे स्पष्ट कडा असलेला राखाडी त्रिकोण असतो. सांध्यात पाणी वाढले की हा त्रिकोण पुढे ढकलला जातो, आकसतो किंवा त्याची मागची कड पुसट होते. हाडे अगदी स्वच्छ असताना आजाराचा पहिला पुरावा पुष्कळदा इथेच मिळतो, म्हणून निरोगी जनावरात तो त्रिकोण केवढा आणि कसा असतो हे डोळ्यांत बसवून घ्यावे.

त्याच फोटोत मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकावर समोर एक खोलगट खाच दिसते. तिथून बोटे सरळ करणारी लांब कंडरा निघते. ती खाच हाड खाल्ले गेल्याची खूण नाही. करडांमध्ये टिबियाच्या समोरच्या उंचवट्याखाली काळी रेघ असते आणि उंचवटा तुटून वर ओढला गेल्यासारखा दिसतो. दुसऱ्या पायाचा फोटो घेतल्याशिवाय इथे अस्थिभंगाचे निदान करणे धोक्याचे आहे, आणि माझ्या मते एकूणच करडाच्या स्टायफलचा एका बाजूचा एक्स-रे काढून थांबणे योग्य नाही.

समोर-मागच्या फोटोसाठी शेळीला छातीवर ठेवून पाय मागे सरळ ताणावा आणि कॅसेट सांध्याच्या समोरच्या बाजूला ठेवून किरण मागून सोडावेत. दोन्ही बाजूंची सांधेरेषा सारखी, दोन टोकांमधली खाच स्वच्छ आणि वाटी मधोमध असावी. सांधेरेषेची रुंदी मात्र जपून वाचावी: आडव्या पाडलेल्या जनावराच्या पायावर वजन नसते, त्यामुळे रुंदी पाय कसा ताणला यावर ठरते, कूर्चा किती शिल्लक आहे यावर नाही.

कूर्चा आणि मेनिस्कस (मांडीचे हाड व टिबिया यांमधली कूर्चेची गादी) यांसाठी सोनोग्राफीच हवी. पहिली पायरी म्हणून प्रोब वाटीपासून टिबियाच्या उंचवट्यापर्यंत उभा ठेवावा; वाटीचा अस्थिबंध समांतर रेघांच्या जाड पट्ट्यासारखा आणि त्याच्याखाली चरबी ठिपकेदार राखाडी दिसते. दुसऱ्या पायरीत सांधा पूर्ण वाकवून प्रोब वाटीच्या वर आडवा धरावा. वाकवल्यावर वाटी खाली सरकते आणि तिच्या खोबणीवरची कूर्चा उघडी पडते, ती हाडाच्या वळणाबरोबर जाणारा एकसारखा काळा पट्टा म्हणून दिसते. प्रौढ शेळीत ही जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, करडात बरीच जास्त. तिसऱ्या पायरीत प्रोब आतल्या बाजूला, सांधेरेषेला आडवा छेदून उभा ठेवावा: मांडीचे हाड आणि टिबिया यांच्या पांढऱ्या कडांमध्ये पाचरीच्या आकाराचा, एकसारख्या राखाडी रंगाचा त्रिकोण दिसतो, तो आतला मेनिस्कस. त्याचे टोक सांध्याच्या मध्याकडे आणि पाया त्वचेकडे असतो, आणि त्यावरून बाजूचा अस्थिबंध गेलेला असतो. बाहेरच्या बाजूला हेच पाहून झाल्यावर पुढे सरकले की लांब कंडरा तिच्या खोबणीत दिसते. तिच्याभोवती सांध्याचेच आवरण उतरलेले असते, त्यामुळे तिथे थोडे पाणी दिसणे स्वाभाविक आहे. सांध्याच्या आत एकमेकांना छेदणारे क्रूसिएट अस्थिबंध सोनोग्राफीत भरवशाने दिसत नाहीत. त्यांच्यासाठी आटापिटा करू नये.

हॉक

हॉकच्या बाजूच्या फोटोत टॅलस हे हाड ओळखायला सोपे आहे, कारण त्याला वरही आणि खालीही कप्पीसारखा गोल भाग असतो. मागे कॅल्केनिअसचा लांब दांडा, खाली सेंट्रल आणि चौथे टार्सल जुळून झालेले मोठे हाड, त्याखाली आतल्या बाजूला दुसरे-तिसरे जुळलेले हाड आणि एक छोटे पहिले टार्सल. टिबियाच्या बाहेरच्या खालच्या कडेला जे सुटे, चौकोनी हाड दिसते तेच फिब्युलाचे उरलेले टोक, मॅलिओलर हाड. तुटलेला तुकडा आणि हे हाड यांतला फरक कडांवरून कळतो: याच्या सर्व कडा गुळगुळीत आणि पांढऱ्या रेषेने बंद असतात, आणि दुसऱ्या पायातही ते तसेच असते. समोरच्या फोटोत ते वेगळे काढता येते. सर्वांत जास्त हालचाल टिबिया आणि टॅलस यांमध्ये असते आणि पाणीही बहुधा त्याच कप्प्यात भरते.

खुबा

खुब्याचा फोटो उताणे पाडून, दोन्ही मांड्या समांतर मागे ताणून घेतात. शेळीला उताणे फार वेळ ठेवू नये, कोटीपोटाचा भार श्वासपटलावर आणि मोठ्या शिरेवर येतो; सगळी जुळवाजुळव आधी करून शेवटी उताणे करावे आणि लगेच उठवावे. कमरेच्या हाडातली (पेल्व्हिसमधली) दोन्ही मोठी भोके सारख्या आकाराची दिसली तर कोन सरळ आहे. गुदाशयातल्या लेंड्या सांध्यावर पडल्या तर गोंधळ होतो, त्या आधी काढाव्यात.

सीटी आणि एमआरआय केव्हा

व्यवहारात बहुतेक शेळ्यांसाठी यांची गरज पडत नाही आणि खर्चही जनावराच्या किमतीपुढे जातो. संशोधनात मात्र चित्र वेगळे आहे, कारण माणसाच्या गुडघ्याच्या कूर्चेवरील प्रयोगांत शेळीचा स्टायफल मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. सीटीत एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप घ्यावेत आणि ते हाडाच्या विंडोत तिन्ही दिशांनी पुन्हा मांडावेत. कार्पस आणि हॉकसारख्या अनेक हाडांच्या सांध्यात एकावर एक पडणाऱ्या सावल्यांचा प्रश्न यामुळे सुटतो. एमआरआयमध्ये निरोगी मेनिस्कस आणि क्रूसिएट अस्थिबंध सर्व प्रकारच्या चित्रांत काळे दिसतात, तर चरबी दाबलेल्या प्रोटॉन-डेन्सिटी चित्रात कूर्चा उजळ पट्ट्यासारखी उठते. दोन्हींसाठी पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत कफ असलेली नळी आवश्यक आहे.

वाचन आणि अहवाल

चित्र नेहमी एकाच रीतीने लावावे: वरचे टोक वर, बाजूच्या फोटोत पायाची समोरची बाजू डावीकडे, आणि शिशाचा डावा-उजवा मार्कर बाहेरच्या किंवा समोरच्या बाजूला. आधी त्वचेपासून आत या, हाडापासून बाहेर जाऊ नका. सांध्याभोवतीचे मऊ भाग, मग सांधेरेषा, मग कूर्चेखालची पांढरी कड, शेवटी हाडाची आतली जाळी आणि बाहेरची साल. हाडाच्या सालीत तिरकी जाणारी एखादी काळी रेघ रक्तवाहिनीच्या भोकाची असते, ती सालीच्या एकाच बाजूला दिसते आणि दुसऱ्या फोटोत गायब होते. दोन हाडांच्या कडा एकमेकांवर आल्या की तिथे काळ्या रेघेचा भास होतो, तोही दुसऱ्या कोनात नाहीसा होतो.

अहवालात नुसते 'नॉर्मल' लिहिण्याऐवजी काय पाहिले ते लिहावे. उदाहरणार्थ: 'दोन दाती उस्मानाबादी शेळी, डावा कार्पस, समोरून, बाजूने सरळ व वाकवून असे तीन फोटो. समोरच्या त्वचेत जाडी, दोन्ही पायांत सारखी. तिन्ही सांधेरेषा सलग. सहा कार्पल हाडांच्या कडा स्वच्छ. रेडियसच्या खालच्या टोकाची वाढीची पट्टी उघडी, कडा स्पष्ट, वयाला अनुरूप.' असा अहवाल पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडतो. प्रत्येक तपासणीत दुसऱ्या पायाचा निदान एक फोटो घेऊन तो शेळीची जात, वय, लिंग आणि केव्ही-एमएएस यांसह साठवत गेल्यास स्वतःच्या भागातल्या शेळ्यांचा संदर्भसंग्रह आपोआप तयार होतो.

आणि हाडे निरोगी दिसली म्हणून सांधा निरोगी आहे असे पशुपालकाला सांगू नये. जंतुसंसर्गात हाडावरचे बदल एक्स-रेत उमटायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात, आणि सीएईमध्ये सुरुवातीला बराच काळ फक्त मऊ भागांची सूज असते. सूज आहे आणि हाड स्वच्छ आहे असे दिसले तर सोनोग्राफी करून पाणी तपासायला पाठवावे आणि दोन आठवड्यांनी त्याच कोनात, त्याच अंतरावर, त्याच आकड्यांवर पुन्हा फोटो घ्यावा.